विसावा आणि वस्ती

सज्जनहो, गेल्या कार्तिकात वसई तालुक्यातील एका गावी सप्ताहात आमची कीर्तनसेवा झाली. आरती झाली, बुक्का लावून मंडळी पांगू लागली. आम्ही उपरण्याची घडी करीत बसलो असता एक पस्तिशीचा गृहस्थ आपल्या वृद्ध मातोश्रींना हाताशी धरून आमच्याकडे आला. नमस्कार करून म्हणाला, "बुवा, वारीला यायची फार इच्छा आहे. पण विरारला घर घेतलंय, वीस वर्षांचे हप्ते आहेत. पहाटेची गाडी धरतो, रात्री दहाला घरात पाय ठेवतो. एकदा हप्ते फिटले की मग वारी, मग हरिपाठ, मग पोरीशी दोन घटका खेळणं. सगळं मग."

आम्ही काही बोलणार, तोच म्हातारी म्हणाली, "बुवा, याला एवढंच विचारा, आज दुपारच्या डब्यात भाजी कसली होती?"

मुलगा हसला. मग आठवू लागला. मग गप्प झाला. त्याला आठवेना. बाजूला उभे असलेले टाळकरी हसले. आम्हांला मात्र हसू आले नाही. का, ते शेवटी सांगू.

येथे कोणी पूर्वपक्ष करील की, बुवा, भाजीची चव ती काय, आणि तिचा परमार्थाशी संबंध काय? विषयसुख तुच्छ मानावे आणि ध्येयावर दृष्टी ठेवावी, असेच तर शास्त्र सांगते. ठीक. आपण शास्त्रालाच विचारू. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत भृगू आपल्या पित्याला, वरुणाला, ब्रह्म म्हणजे काय ते विचारतो. वरुण त्याला तप करायला सांगतो. भृगूला प्रथम कळते की अन्न हेच ब्रह्म. पिता त्याला पुन्हा तपाला पाठवतो. मग प्राण, मग मन, मग विज्ञान, असे करीत शेवटी तो आनंदापर्यंत पोहोचतो. शिखर गाठले! आता ती पहिली पायरी विसरायला हरकत नव्हती. पण श्रुती पुढे लगेच व्रत सांगते, ते कोणते? अन्नाची निंदा करू नये. जो शेवटच्या पायरीवर पोहोचला, त्यालाच बजावले की पहिलीला नावे ठेवू नकोस. असे का? कारण जो आनंद शिखरावर भेटला, त्याचाच अंश पहिल्या घासातही होता.

आता आपल्या वारीकडे पाहा. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते. पंढरी सुमारे अडीचशे किलोमीटर. दिवे घाटात छाती भरून येते, पावसाने अंथरूण भिजते. तरी या सोहळ्याला शिस्त लावणाऱ्या हैबतबाबांच्या परंपरेत वाटेवर विसावे ठरलेले आहेत. नीरेला माउलींच्या पादुकांना स्नान घडते. चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण होते; अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळी लावायला लहानथोर वाकतात. सत्तरीच्या आजीबाई फुगड्या घालतात. "छे, पंढरीला उशीर होईल, खेळ बंद करा," असे कोणी म्हणते का? कोणी म्हणत नाही. त्या फुगडीनेच उद्याचे पाऊल उचलते.

पण दुसरी बाजूही ध्यानात घ्या. रिंगण फार गोड लागले म्हणून चांदोबाच्या लिंबाखाली घर बांधून राहिलेला वारकरीही आम्ही पाहिला नाही. विसावा वेगळा आणि वस्ती वेगळी. गोड लागले आणि पाऊल पुढे पडले, तो विसावा. गोड लागले आणि आणखी हवे म्हणून बसकण मारली, ती वस्ती. शास्त्रे जी निंदा करतात ती वस्तीची. आपण मात्र गैरसमजाने विसाव्यालाच हाकलून दिले.

आणि विसावा हाकलणाऱ्याचे काय होते? तो पंढरीला पोहोचतो, नाही असे नाही. तासन् तास बारीत उभा राहतो, विठुरायाच्या पायांवर डोके ठेवतो, आणि बाहेर येताच विचारतो, "परतीची एसटी किती वाजता?" वाटभर मन पुढच्या मुक्कामाला धावत राहिले, देव समोर आला तेव्हाही ते पुढेच धावले. बाबांनो, समोर असलेले पाहण्याची सवय एका दिवसात लागत नाही. ताटातली भाजी पाहायला जो शिकला नाही, तो विटेवरचा देव कसा पाहील?

अरणचे सावतोबा आठवा. मळ्यात राबता राबता त्यांना भाजीपाल्यात पांडुरंग भेटला. आजही आषाढी झाल्यावर पंढरीहून देवाची पालखी अरणला येते, अशी परंपरा आहे. आमच्या वसईच्या वाडीकरांना हे निराळे सांगायला नको. केळी, पानवेल, फुले, भाजी यांवर इथल्या पिढ्या जगल्या. राजेळी केळे सोलून दिवसेंदिवस उन्हात ठेवावे तेव्हा त्याचे सुकेळे होते. सूर्याला घाई करून चालत नाही. आज पुष्कळ वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. पण ज्या वाड्या उरल्यात, तिथला माणूस पहाटे फुले खुडताना वास घेतल्यावाचून राहत नाही, आणि बाजारही चुकवीत नाही.

कोणी म्हणेल, वाडीत हे ठीक, गाडीच्या गर्दीत काय? तर गाडीचेच ऐका. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली, तेव्हा दिवसाला एक जायची आणि एक यायची. आता शेकडो धावतात आणि उभे राहायला जागा नसते. तरी त्याच डब्यांत भजनी मंडळी टाळ घेऊन उभी असतात. चर्चगेट साठ किलोमीटर. कचेरी चुकत नाही, हप्ता बुडत नाही, आणि वाट मात्र वारी होऊन जाते. शेजाऱ्याला झोप हवी असेल तर त्याच्या कानाशी टाळ कुटू नये, मनात नाम घ्यावे, एवढा विवेक मात्र ठेवावा.

आता आम्हांला हसू का आले नाही, ते सांगतो. एका श्रावणात आमच्या कुटुंबाने हळदीच्या पानांतल्या पातोळ्या केल्या होत्या. रात्री मोठे कीर्तन होते. आम्ही डोळ्यांसमोर पोथी धरून जेवलो. त्यांनी विचारले, "कशा झाल्यात?" आम्ही मान हलवली आणि पान उलटले. आज त्या नाहीत. त्या रात्रीचे निरूपण आम्हांला अक्षरशः आठवते. पातोळीची चव आठवत नाही. निरूपणाचा विषय काय होता म्हणाल, तर सर्वांभूती भगवद्भाव! सगळीकडे देव पाहा असे गावाला सांगायला आम्ही गेलो, आणि घरात ताट वाढून जो देव समोर बसला होता, त्याला न पाहताच गेलो.

म्हणून त्या गृहस्थाला आम्ही एवढेच म्हणालो, "बाळा, हप्ते भर. घर हवेच, आणि ते कष्टानेच होते. वारीलाही यथावकाश ये. पण पुंडलिकाने काय केले ते ध्यानात ठेव. तो आईबापांच्या सेवेत होता, देव आपण होऊन दारी आला, तेव्हा त्याने वीट फेकली आणि थांब म्हटले. देव अठ्ठावीस युगे थांबला. तो थांबू शकतो रे! तुझी आई तेवढी थांबू शकत नाही, आणि पोरही उद्या मोठी होईल. 'मग' हा शब्द देवाच्या बाबतीत एकवेळ चालतो, यांच्या बाबतीत नाही."

तो काही बोलला नाही. आईचा हात धरून पायऱ्या उतरू लागला. जाता जाता त्याने विचारलेले आमच्या कानी आले, "आई, कसली होती गं भाजी?"

"वालाची," म्हातारी म्हणाली. "तुला आवडते म्हणून सोलत बसले होते."

वाचकहो, आज रात्री जेवायला बसाल तेव्हा आधी ताटाकडे पाहा, मग वाढणाऱ्या हाताकडे पाहा, आणि मग पहिला घास घ्या. त्याने पंढरी दूर जाणार नाही.

रामकृष्णहरि.