कुणाचं नाही, म्हणून माझं?

आजचं चिंतन : ईशावास्योपनिषद, मंत्र १



हा मंत्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. या हलत्या-बदलत्या जगात जे काही आहे ते ईश्वराने व्यापलेलं आहे, तेव्हा त्यागाने उपभोग घ्या, हाव धरू नका. शेवटचे शब्द मात्र दोन तऱ्हांनी वाचतात. एक : कुणाच्याही धनाची हाव धरू नको. दुसरी : हाव धरू नको, धन आहे तरी कुणाचं? पहिला अर्थ सोपा आहे. शेजारच्याचा खडू घेऊ नये, हे बालवाडीतही शिकवतात. पण ज्या वस्तूला मालकच उरलेला नाही, ती उचलली तर चोरी कुणाची झाली?

हा प्रश्न मला नऊ वर्षांच्या भाच्याने विचारला, तोही गुजरातमध्ये, बालासिनोरजवळच्या रैयोलीत. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सोलापूरहून सगळं कुटुंब घेऊन तिथला डायनासोर पार्क बघायला गेलो होतो. (आपल्या सोलापुरात हे सापडायचं नाही. आपण लाव्हाच्या जाड थरांवर राहतो, आपली काळी माती त्याच दगडाची झीज. महाराष्ट्रात बघायचं तर चंद्रपूरकडे, पिसदुऱ्याला अशी हाडं सापडली आहेत.) रैयोलीत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भूवैज्ञानिकांना हाडं आणि अंडी मिळाली. डोक्यावर शिंग असलेला मांसाहारी राजासॉरस इथल्याच हाडांवरून २००३ मध्ये जगाला माहीत झाला.

गाईडताईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, हात लावा, पण उचलू नका. लांबून सगळे दगड सारखेच. त्यांनी एकावर पाणी ओतलं आणि दगडात पावासारखी बारीक जाळी दिसायला लागली. ते हाड होतं, साडेसहा कोटी वर्षांहून जुनं. भाच्याच्या पायाशी बोराएवढा तसाच एक तुकडा होता. त्याने तो मुठीत धरला आणि हळूच म्हणाला, "आत्या, ज्याचं होतं तो तर मेला की. मग आता हे कुणाचंच नाही. मी घेतलं तर काय झालं?"

खरं सांगते, मला हा युक्तिवाद कच्चा वाटला नाही. "सरकारचं आहे बाळा" म्हणून त्याला गप्प करता आलं असतं. कायदा आहेच. पण त्याने विचारलं होतं ते त्याच्या आधीचं काहीतरी. आणि गंमत म्हणजे मंत्रही तेच विचारतो, धन कुणाचं? भाच्याचं उत्तर होतं, कुणाचंच नाही, म्हणून माझं. उपनिषद त्याच पायरीवर उभं राहून उलटीकडे वळतं. कुणाचंच नाही, म्हणून तुझंही नाही.

मालक शोधायची आपल्याला सवयच लागली आहे. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे हजार महायुगं, ४३२ कोटी वर्षं. तो दिवस सूर्योदय ते सूर्यास्त बारा तासांचा धरला, तर ते हाड जेमतेम अकरा मिनिटांपूर्वीचं. (याचा अर्थ "आपल्या पूर्वजांना डायनासोर माहीत होते" असा काढणारे फॉरवर्ड कृपया पाठवू नका. काळाच्या प्रचंडपणापुढे माणसाला लहान करणं हे त्या गणिताचं काम, आणि ते त्याने चोख केलंय.) त्या अकरा मिनिटांत आपण शेवटच्या क्षणी आलो आणि आल्या आल्या सातबारा मागतोय!

मी भाच्याला दुसरी गोष्ट सांगितली. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात संशोधकांना डायनासोरची ९२ घरटी आणि २५६ अंडी मिळाली. ती जागच्या जागी होती, म्हणून अंतरं मोजता आली. घरटी इतकी जवळजवळ की आईला परत येऊन उबवत बसायला जागाच नव्हती. म्हणजे ती बहुधा अंडी घालून निघून जात असावी. ही माहिती कुठल्या एका अंड्यात नव्हती, दोन घरट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत होती. कुणी एकेक अंडं घरी नेलं असतं, तर अंडी जगभर शाबूत राहिली असती आणि आईची गोष्ट गेली असती.

त्याच जिल्ह्यातल्या पाडल्या गावात असे गोल दगड शेताचा आणि गुरांचा राखणदार म्हणून पुजले जात, काकड भैरव या नावाने. २०२३ मध्ये संशोधकांनी सांगितलं, ही डायनासोरची अंडी आहेत. बातमीवर लोक हसले, रील्स झाली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्या लोकांनी नारळ फोडला, दगड फोडला नाही.

भाच्याने तुकडा होता तिथे ठेवला. पण रात्री हॉटेलात त्याचा पुढचा प्रश्न तयार होता. शाळिग्रामही जीवाश्मच असतो, समुद्री प्राण्याच्या शंखाचा, हे त्याने म्युझियममध्ये कुणाकडून तरी ऐकलं होतं. "मग आपल्या देवघरातला कुणी उचलला?"

मी म्हटलं, तो गंडकीच्या पाण्याने डोंगरातून सोडवून आणलेला असतो, त्याची जागा आधीच सुटलेली असते. शिवाय आजी सांगते, शाळिग्रामाची किंमत करायची नसते, विकायचा नसतो. घरी येतो तो रोजच्या पूजेसाठी, म्हणजे आपणच त्याच्याकडे चाकरीला लागतो.

"पण नदीतून उचललाच की," भाचा म्हणाला, आणि झोपून गेला.

यावर तुमच्या घरी काय सांगतात? मला अजून पुरेसं उत्तर सापडलेलं नाही. उद्या मंत्र दुसरा.

जय हरी!