ठिपके नाहीत, की दिसले नाहीत?

रानपिंगळा ओळखायची पहिली खूण म्हणजे डोक्यावर ठिपके नसणं. गावातल्या वडाच्या, आंब्याच्या ढोलीत राहणारा साधा पिंगळा आणि सातपुड्याच्या सागवानातला रानपिंगळा, दोघंही वीतभर उंचीचे, पिवळ्या डोळ्यांचे, फांदीवर बसून आपल्याकडे रोखून बघणारे. साध्याच्या माथ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा सडा असतो, रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा. म्हणजे जे नाही त्यावरून पक्षी ओळखायचा. मी जन्मभर कॉलेजात भारतीय तर्कशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर यावलच्या जंगलात दुर्बीण घेऊन फिरायला लागलो. ही खूण पुस्तकात वाचली तेव्हा हसूच आलं. अभावाचं ज्ञान कसं होतं, हाच धडा पोरांना सगळ्यात रटाळ वाटायचा. जमिनीवर घडा नाही हे कळतं कसं? पोरं म्हणायची, "सर, नाही म्हणजे नाही, त्यात कळायचंय काय?"

न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, म्हणतात, घड्याचा अभाव डोळ्यांनाच दिसतो. मीमांसक कुमारिल भट्ट म्हणतात, डोळ्यांना दिसते ती नुसती जमीन. घडा नसल्याचं ज्ञान देणारं प्रमाण वेगळं, त्याचं नाव अनुपलब्धी. दुसरा मीमांसक प्रभाकर तर अभाव हा पदार्थच मानत नाही. हे भांडण शेकडो वर्षं चाललं आणि मला अजूनही त्यात गोडी आहे. पण जंगलात उपयोगी पडते ती त्यातली एक अट. घडा तिथे असता तर दिसलाच असता, अशी स्थिती हवी. तिला योग्यता म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आमच्याबरोबर येणारा वनरक्षक तरुण आणि तीक्ष्ण नजरेचा आहे. तो कुजबुजतो, "सर, डोकं साफ आहे." मी विचारतो, "ऊन कुठून होतं? त्यानं मान खाली घातली होती का? माथा दिसला, की नुसतं कपाळ?" एकदा तो वैतागून म्हणाला, "सर, पक्षी बघायचा की साक्ष नोंदवायची?" दोन्ही, असं मी सांगितलं. पक्षी उजेडाच्या आड बसला असेल, पावसानं भिजला असेल, किंवा पिसं झिजलेली असतील, तर साध्या पिंगळ्याचे ठिपकेही दिसत नाहीत. त्यात रानपिंगळ्याच्या माथ्यावरही कधी कधी बारीक, फिकट ठिपके असतात. मग 'नाही'चा नाद सोडून 'आहे'कडे वळावं लागतं: पंखांवर आणि शेपटीवर रुंद, ठसठशीत पट्टे, पोट पांढरंशुभ्र, पायांवर बोटांपर्यंत पांढरी पिसं, आणि एवढ्याशा पक्ष्याला न शोभणारे दणकट पंजे. माथा कोरा असल्याची शंका या खुणांनी फिटते, याच्या उलट मात्र होत नाही.

या पक्ष्याचा इतिहासही याच अटीशी अडकलेला आहे. पक्षितज्ज्ञ ह्यूमनं 1873 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. त्यानंतरचे बरेचसे नमुने खानदेशात नोकरी करणाऱ्या जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं जमवले, शेवटचा 1884 मध्ये. जगभरच्या संग्रहालयांत मिळून नमुने सात. पुढे कर्नल माइनर्ट्झहागेन या नामांकित पक्षितज्ज्ञाच्या संग्रहात गुजरातेतल्या मांडवीचा, 1914 सालचा एक नमुना निघाला. नमुन्यावर मोठ्या माणसाची चिठ्ठी म्हणजे शब्दप्रमाण. पण पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षितज्ज्ञांनी तो नमुना तपासला, तेव्हा उघड झालं की डेव्हिडसनचाच पक्षी ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, नव्यानं शिवून, त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. आपल्याकडे आप्ताची, म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण मानायचा त्याची, व्याख्या यथार्थ जाणणारा आणि जाणलं तसं सांगणारा अशी केली आहे. कर्नलसाहेब दुसऱ्या अर्ध्यात नापास झाले.

मांडवी बाद झाल्यावर खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं उरली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा धुंडाळून रिकाम्या हातांनी परतले, मग खानदेशात आले. 25 नोव्हेंबर 1997 ला शहाद्याजवळ, सकाळच्या उन्हात, निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. 113 वर्षं त्याची खात्रीची नोंद नव्हती, तो नामशेष झाला की काय, अशी शंका होती. दिसण्याजोग्या ठिकाणी, दिसण्याजोग्या वेळी किती जणांनी पाहिलं होतं? नंतर तो मेळघाटात सापडला, आणि 2014 मध्ये मुंबईला पाणी देणाऱ्या तानसाच्या अभयारण्यातही.

आता याच अटीशी जोडलेला तो प्रश्न, जो वर्गातला कुणीतरी धीट पोरगा दरवर्षी विचारायचा: "सर, देव दिसत नाही, मग तो नाही असं म्हणायला काय हरकत आहे?" नैयायिक उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत नेमकं याला उत्तर दिलंय. देव डोळ्यांना दिसण्याजोगा नाहीच, तेव्हा न दिसण्यावरून तो नसल्याचं सिद्ध होत नाही. उत्तर बिनतोड आहे. मी रोज देवपूजा करतो, तरी मला वाटतं की आपण आस्तिक मंडळी ते गरजेपेक्षा जास्त वापरतो. नास्तिकाचं तोंड त्यानं बंद होतं, आपल्या पदरात मात्र काही पडत नाही. उदयनाचार्यांना हे ठाऊक होतं, म्हणून देव असल्याचे युक्तिवाद त्यांनी वेगळे मांडले. ते पटोत न पटोत. रानपिंगळ्याच्या बाबतीत 'तो आहे' म्हणणाऱ्याला शहाद्याला जाऊन ते दाखवता आलं. देवाच्या बाबतीत तशी जागा सांगता येत नाही, आणि जो भक्त हे मोकळेपणानं कबूल करतो त्याच्याशी बोलायला मला बरं वाटतं.

पक्षी बघायला सातपुड्यात येणाऱ्यांना एक विनंती. नोंदवहीत 'माथ्यावर ठिपके नाहीत' असं लिहिण्याआधी माथा कोणत्या उजेडात, किती अंतरावरून, किती वेळ दिसला ते लिहा. पट्टे, पोट आणि पाय पाहिले नसतील तर नुसतं 'पिंगळा' लिहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच झाडाखाली जा.