हातून

अनुवादाच्या एका कामासाठी मध्यंतरी अमेरिकेतले विमान-अपघातांचे चौकशी अहवाल वाचत होते. पहिल्या पानावर येतात ते मोठे अपघात नव्हेत. दोन-चार आसनांचं विमान, छोटी धावपट्टी आणि झोताझोताने येणारा आडवा वारा. चाकं टेकतात न टेकतात तोच एक झोत येतो, नाक वाऱ्याकडे वळतं, पंख जमिनीला घासतो, विमान शेजारच्या गवतात जाऊन थांबतं. माणसं बहुधा आपल्या पायांनी बाहेर येतात. अहवालाच्या शेवटी, कारण म्हणून, थोड्याफार फरकाने एकच वाक्य असतं: अशा वाऱ्यात उतरताना विमानाची दिशा ताब्यात ठेवण्यातलं वैमानिकाचं ‘फेल्युअर’.

या शब्दापाशी मी अडले. ‘वैमानिकाने ताबा ठेवला नाही’ म्हणावं तर तो बेफिकीर ठरतो. ‘वैमानिकाला ताबा ठेवता आला नाही’ म्हणावं तर बिचारा ठरतो. इंग्रजी नाम या दोहोंच्या मध्ये आरामात बसून राहतं. मराठी क्रियापद मात्र आधी बाजू घ्यायला लावतं.

तशी मराठीत आणखी एक सोय आहे. घरात बरणी फुटली तर ‘मी फोडली’ असं आपण म्हणत नाही. नुसतं ‘फुटली’ म्हटलं तर ती पळवाट वाटते. आपण म्हणतो, ‘माझ्या हातून फुटली.’ हिंदीत ‘मुझसे’, गुजरातीत ‘माराथी’. हेतू नव्हता, पण हात माझाच होता.

विमानाच्या इतिहासातल्या पहिल्याच दिवशी हा फरक दिसला होता. १७ डिसेंबर १९०३ रोजी उत्तर कॅरोलिनातल्या किटी हॉकजवळच्या वाळूवर राइट बंधूंनी चार उड्डाणं केली. ऑर्व्हिलचं १२ सेकंदांचं पहिलं उड्डाण सगळ्यांना माहीत असतं. चौथं विल्बरचं. तो ५९ सेकंदांत ८५२ फूट गेला. मग यंत्र वर-खाली हेलकावे खाऊ लागलं, नाक खाली गेलं आणि ते वाळूवर आदळलं. नाक वर-खाली करणाऱ्या पुढच्या सुकाणूचा सांगाडा मोडला. नुकसान दुरुस्त होण्याजोगं होतं. यंत्र तळावर परत आणून सगळे बोलत उभे असताना वाऱ्याचा एक झोत आला आणि त्याने ते उलटंपालटं करून टाकलं. जवळच्या जीवरक्षक केंद्रातला जॉन डॅनियल्स ते धरून ठेवायला गेला आणि त्याच्यासकट गडगडला. ते यंत्र पुन्हा कधी उडालं नाही.

वारा तोच, यंत्रही तेच. पहिली मोडतोड विल्बरच्या हातून झाली; दुसरी नुसती झाली. नुकसान मोजलं तर दुसरी कितीतरी मोठी. तरी उत्तर द्यावं लागतं ते पहिलीचं.

पण ‘हातून’ म्हटलं की हिशेब संपतो, असंही नाही. हे दोघे त्या किनाऱ्यावर आले होते तेच वाऱ्यासाठी. समोरून वारा असला की जमिनीवरचा वेग कमी असतानाही यंत्र उचललं जातं. त्या सकाळी तो ताशी २० मैलांहून अधिक होता. दहा वर्षांनी, १९१३ साली, ऑर्व्हिलने लिहिलं की हजारो उड्डाणांच्या अनुभवानंतरही २७ मैलांच्या वाऱ्यात अनोळखी यंत्रावर पहिलं उड्डाण करायला आपण आज धजावणार नाही; तेव्हाच्या धाडसाचं त्याला आश्चर्य वाटत होतं. हे ‘हातून’ झालेलं नव्हतं. हे ठरवलेलं होतं. छोट्या विमानाच्या वैमानिकालाही बहुतेक वेळा उतरणं सोडून देऊन पुन्हा वर जाता येतं, दुसरी धावपट्टी गाठता येते. हात चुकण्याआधी मनाने काहीतरी ठरवलेलं असतं.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ साली एका ट्रकचालकाचं उदाहरण दिलं. काही दोष नसताना त्याच्या गाडीखाली एक मूल सापडतं. त्याला होणारं दुःख बघ्यांच्या दुःखाहून वेगळं असतं. तुझी चूक नव्हती, असं आपण त्याला सांगतो, आणि ते सांगायलाच हवं. पण त्याने ते फार चटकन मान्य केलं तर आपल्यालाच कसंतरी होतं.

वीस वर्षांपूर्वी, मेअखेरीस, बडोद्यात विश्वामित्रीच्या पुलावर वावटळीत माझी स्कूटर घसरली. मागे आई होती. तिचं मनगट मोडलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, ‘अहो, वारा काय भयंकर होता!’ निघण्याआधी आभाळ मातकट झालेलं मी पाहिलं होतं. ‘थोडं थांबू या गं,’ असं ती म्हणालीही होती. हे तिने कधी कोणाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. तिच्या वाक्याच्या आडोशाला गप्प बसले. कधी कोणी विचारलंच तर मीही म्हणायचे, ‘वारा होता.’

ते वाक्य तिच्या तोंडी खरं होतं, माझ्या तोंडी खोटं. शब्द तेच, वाऱ्याचा वेग तोच. तिचं म्हणणं म्हणजे क्षमा होती, माझं म्हणणं म्हणजे लपणं. ‘वारा होता’ हे दुसऱ्याने म्हणायचं असतं. ज्याच्या हातून झालं त्याने ‘माझ्या हातून’ म्हणायचं, आणि त्याआधी ‘निघायचं मी ठरवलं’ हेही.

विमान-अपघातांच्या चौकशीचा आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की चौकशी पुढचा अपघात टाळण्यासाठी असते, कोणावर ठपका ठेवण्यासाठी नव्हे. त्या दृष्टीने अहवालातलं थंड नाम योग्यच आहे. मला मात्र क्रियापद निवडायचं होतं. मी लिहिलं, ‘वैमानिकाला ताबा ठेवता आला नाही.’ मी तिथे परकी आहे. माझ्या बाजूने एवढंच म्हणता येतं. उरलेलं वाक्य त्याचं आहे. माझं वाक्य मी गेल्या महिन्यात आईला सांगितलं. ‘वारा होता गं,’ ती म्हणाली.