ओवा कुठे ठेवलाय?

रविवार हा एकच वार असा आहे, की तो उगवायच्या आधीच आपण त्याची वाटणी करून मोकळे होतो. शनिवारी संध्याकाळी बुलढाण्याहून एस.टी.ने देऊळघाटला परतताना माझीही वाटणी पक्की झालेली असते. उशिरा उठणे, पेपर, चहा, पुन्हा पेपर, जेवण, वामकुक्षी आणि वामकुक्षीचा शीण घालवण्यासाठी आणखी एक चहा. या वाटणीत सौ.च्या पदरात काय पडतं, हा हिशेब मी लग्नानंतर बावीस वर्षं मांडलाच नव्हता. आणि मी नोकरी करतो ती हिशेबनिसाची!

तो मांडायची वेळ आणली आमच्या धाकटीनं. कोजागिरी होऊन आठवडा झाला होता. शरद ऋतूबद्दल कवींना काय म्हणायचं असेल ते म्हणोत. आमच्याकडे तो सकाळी गार, दुपारी भट्टी आणि संध्याकाळी सीताफळांचा असतो. सोयाबीन निघालेलं होतं, पैनगंगेचं पाणी निवळलेलं होतं आणि घरोघर दिवाळीच्या साफसफाईचं सावट पसरलं होतं. धाकटी शाळेतल्या भाषणाची घोकंपट्टी करत होती. मधेच थांबून तिनं विचारलं, "बाबा, आपल्याला रविवारची सुट्टी कोणी दिली?"

"इंग्रजांनी," पेपरातून डोकं न काढता मी म्हणालो. आपल्याकडे पोस्ट, रेल्वे आणि क्रिकेट ज्यांच्या नावावर जमा आहे, त्यांच्याच नावावर रविवारही टाकून द्यायला माझी हरकत नव्हती.

"चूक! कोणी दिली नाही. मिळवली."

आणि तिनं उभ्या उभ्या सगळं भाषणच ऐकवलं. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केलं. आठवड्यातून एक दिवस सुट्टी हवी, ही मागणी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनी सरकारपुढे गेली. सरकार आणि मालक, दोघांनाही घाई नव्हती. २४ एप्रिल १८९० ला दहा हजार कामगारांची सभा भरली आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. मागणीपासून सुट्टीपर्यंत सहा वर्षं! "आणि त्या सभेत दोन कामगार बायकासुद्धा बोलल्या होत्या," धाकटीनं शेवटी टाळ्यांसाठी थांबत सांगितलं.

टाळ्या मी वाजवल्याच, पण मला एकदम स्फुरणही चढलं. थोर पुरुषांची चरित्रं रात्री ऐकू नयेत. सकाळी निस्तरावी लागतात. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन जाहीर केलं, "उद्या तुला सुट्टी! स्वयंपाक मी करणार. वरण-बट्टी!"

बट्टीची निवड मुद्दाम होती. आम्ही घाटावरचे आणि सौ. घाटाखालची, मलकापूरकडची. आमच्या घरात बट्टी आली ती तिच्याबरोबरच, रुखवतात आल्यासारखी. तेव्हा माहेरचा पदार्थ नवऱ्याच्या हातचा, असा डबल बार मी उडवला होता.

सौ. फक्त "बरं" म्हणाली. या 'बरं'चा अर्थ बावीस वर्षांनी तरी मला कळायला हवा होता.

सकाळी सौ. ओट्यावर चहाचा कप घेऊन बसली. चहा तिनंच केला होता. सुट्टी त्यानंतर सुरू झाली असं धरू. मी पीठ काढलं. बट्टीला गव्हाचं रवाळ पीठ लागतं, त्यात थोडं मक्याचं. ते तयार कसं होतं? तर तिनं शुक्रवारीच गिरणीतून दळून आणलं होतं. म्हणजे माझ्या औदार्याला लागणारं पीठदेखील तिचंच!

"अगं, ओवा कुठे ठेवलाय?"

"बोर्नव्हिटाच्या डब्यात."

"मग बोर्नव्हिटा?"

"तो संपून सहा वर्षं झाली."

आमच्या स्वयंपाकघरात डब्यावर लिहिलेलं आणि डब्यात असलेलं यांचा संबंध निवडणुकीतल्या जाहीरनाम्याइतकाच आहे. चहाच्या डब्यात साबुदाणा, बिस्किटाच्या डब्यात सुई-दोरा, आणि ज्याच्यावर 'हळद' लिहिलं आहे त्यात मोहरी. मी मोहन किती घालायचं ते विचारलं. मीठ किती ते विचारलं. हळद कशात आहे, पीठ सैल झालं तर काय करायचं, पाणी उकळलं हे ओळखायचं कसं, वरणाच्या कुकरला शिट्ट्या किती, आणि तीन झाल्या की चार हे विसरल्यास काय, हेही विचारलं. धाकटी भाषणाच्या कागदामागे रेघा ओढत होती. अकरा वाजेपर्यंत एकतीस रेघा झाल्या.

आठ बट्ट्या उकळत्या पाण्यात सोडल्या. त्यातल्या दोघींनी तिथेच देह ठेवला. उरलेल्या सहा कापून तळल्या, तेव्हा बाहेरून काळ्या आणि आतून निश्चयी झाल्या.

एवढ्यात आई आली. आईचं वय ब्याऐंशी. सून बाहेर बसलेली आणि मुलगा कढईपुढे, हे दृश्य पाहून ती काहीतरी बोलणार म्हणून मी आधीच अंग चोरलं.

"काय करू राह्यला रे तू?"

"बट्टी."

"अन् सून?"

"तिला आज सुट्टी दिली."

"दिली म्हणे!" ओट्यावरून आवाज आला. "मालक कधी झालात?"

सगळे हसले. मीही हसलो, पण ते बट्टीसारखं घशात अडकलं. लोखंड्यांच्या गोष्टीत मी रात्रभर स्वतःला लोखंडे समजत होतो. आता कळलं, की मी होतो गिरणीमालक! जो देऊ शकतो तो उद्या परतही घेऊ शकतो. म्हणून तर त्या कामगारांना मेहरबानी नको होती, हक्क हवा होता. आणि गिरणीत निदान मालक कोण हे ठाऊक असतं. घरात मालक कोण विचारलं तर आपण सगळे तिच्याकडे बोट दाखवतो, आणि कामगार कोण विचारलं तरी तिच्याकडेच.

पानं मांडली. मी वाढत होतो. आईनं बट्टी वरणात बराच वेळ बुडवून ठेवली, चार दातांनी चावली आणि म्हणाली, "तुह्या बापानं एक डाव अशी बट्टी केली असती ना, जळकी का असंना, तं म्या साऱ्या गल्लीत वाटली असती."

पुन्हा सगळे हसले. मग मात्र कोणी बोलेना. वडील वाईट नव्हते. ते आईला कधी वाकडं बोलले नाहीत. पण सबंध लहानपण आठवून पाहिलं, तर आमच्या पंगतीत आईचं पान मांडलेलं मला दिसेना. ती आमच्यानंतर जेवायची, म्हणजे काय जेवायची, हे पाहायला आम्ही तिथे नसायचोच. तिला काय आवडतं हे मला ब्याऐंशीव्या वर्षी तिला विचारावं लागलं. ती जरा विचार करून म्हणाली, "गरम." एवढंच.

दुपारी वामकुक्षी काही लागेना. २०१९ साली केंद्र सरकारनं देशभर पाहणी केली होती, की लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७. मुळात घरकाम करणारे पुरुषच शंभरात सव्वीस निघाले. बाकीचे चौऱ्याहत्तर बहुधा ओवा शोधत असावेत. पण त्या २९९ मिनिटांत माझ्या एकतीस रेघा धरल्या असतील का? सौ. सकाळभर ओट्यावर बसून होती खरी, पण तिचं डोकं मात्र कामावरच होतं. पीठ कधी दळायचं, सिलिंडर कधी संपेल, आईच्या गोळ्या किती उरल्या, ही सगळी वही तिच्या डोक्यात, आणि त्या वहीला रविवार नाही. आपण तिला 'मदत' करतो म्हणतो, तिथेच काम कोणाचं ते ठरून जातं. स्वतःच्या नोकरीवर जाताना मी कधी 'साहेबांना मदत करायला चाललो' असं म्हणत नाही.

त्या सभेत बोललेल्या दोन बायकाही आठवल्या. गिरणीला रविवारी कुलूप लागलं, तो त्यांचा पहिला रविवार कसा गेला असेल? गिरणीचा भोंगा बंद झाला, पण चुलीला भोंगा होताच कुठे?

चारला उठून मोरीत गेलो. बट्टीचं पातेलं, कढई, कुकर, शिवाय मी स्वयंपाकाच्या आवेशात काढलेली अकरा भांडी तिथे माझी वाट पाहत होती. सौ. पदर खोचून येत होतीच. मी म्हणालो, "राहू दे." 'सुट्टी' हा शब्द या वेळी उच्चारला नाही. पातेल्याचं बूड घासायला पाऊण तास लागला. ९७ मिनिटांतली निम्मी तिथेच गेली. सौ. आईशेजारी सीताफळ खात बसली होती. तेवढ्या वेळात मी तिला काहीही विचारलं नाही. घासणी शोधायला दहा मिनिटं लागली तरीही.

रात्री एका कागदावर सगळ्या डब्यांची यादी करून मी फळीला चिकटवायला घेतली. सौ.नं ती वाचली आणि सात चुका काढल्या. यादी फाडून टाकली. लोखंड्यांनाही सहा वर्षं लागली होती. आमची तर आत्ताशी पहिली सही झाली आहे.

पण एक गोष्ट तिला आता लक्षात ठेवायची गरज नाही. ओवा बोर्नव्हिटाच्या डब्यात आहे. तो संपत आलाय, आणि उद्या बुलढाण्याहून येताना मी आणणार आहे.