सातबाऱ्यावरचा शेरा

शिरूर-दौंडकडच्या कितीतरी सातबाऱ्यांवर 'पुनर्वसनासाठी राखीव' हा शेरा वर्षानुवर्षे बसून राहिला. चासकमान आणि भामा आसखेड ही धरणं खेड तालुक्यातली. त्यांत ज्यांची रानं बुडाली त्यांना लाभक्षेत्रातल्या मोठ्या खातेदारांच्या जमिनीतून वाटा द्यायचा, असा आपल्या पुनर्वसन कायद्याचा हिशेब. ज्याच्या शिवारात पाणी येणार, त्याने ज्याचं शिवार पाण्याखाली गेलं त्याचं देणं फेडावं. मला हा हिशेब आजही न्याय्य वाटतो.

पण भामा आसखेडचे कालवेच रद्द झाले. पाणी २०२१ पासून पुण्याच्या पूर्व भागातल्या नळांना जाऊ लागलं. देण्यामागचं कारण संपलं, तरी शेरा उठवून घ्यायला शेतकऱ्यांना झगडावं लागलं. संपादन झालं असतं तर मोबदला तरी मिळाला असता, तो कमी पडला तर कोर्टात भांडता आलं असतं. शेऱ्याखालची जमीन धड सरकारची नाही, धड मालकाची नाही. परवानगीशिवाय ती विकता येत नाही, भावाभावांत वाटताही येत नाही. आणि ज्याच्यासाठी ती अडवली, तो धरणग्रस्त तिकडे जमिनीसाठी उपोषणं, आंदोलनं करतच राहिला.

१९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला. उरलं कलम ३००अ: कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता हिरावता येणार नाही. मुंबईतल्या उपकरप्राप्त जुन्या इमारती पुनर्विकासासाठी मासिक भाड्याच्या शंभरपट रकमेत घेण्याच्या म्हाडाच्या तरतुदीवरून सुरू झालेल्या खटल्यात, नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. त्याची चर्चा खूप झाली. मला त्याच वर्षी मे महिन्यात आलेला कोलकाता महापालिकेविरुद्धचा निकाल जास्त जवळचा वाटतो. नोटीस, सुनावणी, सकारण निर्णय, सार्वजनिक हेतू, योग्य मोबदला, आणि कार्यक्षम, मुदतीत प्रक्रिया हे कलम ३००अ मधले हक्क त्यात मोजले आहेत. सातवा हक्क आहे शेवटाचा: घेणं कुठेतरी पूर्ण झालंच पाहिजे.

२०१३च्या भूसंपादन कायद्यात, ताब्यात घेतलेली जमीन पाच वर्षं पडून राहिली तर ती मूळ मालकाकडे किंवा सरकारच्या लँड बँकेत जाते. शेऱ्याला अशी मुदतच नाही. तो लिहितानाच त्याची अखेरची तारीख लिहावी, आणि ती उलटली की तलाठ्याने अर्जाची वाट न पाहता नोंद कमी करावी. नाहीतर म्हातारा खातेदार जातो, वारसनोंद होते, आणि मुलांच्या नावांपुढे तोच शेरा पुन्हा उतरतो.