पंचनाम्यातली एक ओळ

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावं जमीनदोस्त केली. हजारो माणसं गेली. मग पडक्या घरांसमोर पंचनामे सुरू झाले.

‘घराचे नुकसान झाले’ एवढ्यावरून काय कळणार? पण ‘उत्तरेकडील दगडी भिंत पायापासून पडली, माळवद कोसळले, स्वयंपाकघर उभे आहे’ असं लिहिलं, की घर न पाहिलेल्या अधिकाऱ्यालाही दुरुस्ती की नवं बांधकाम, हे ठरवता येतं. पुढे ५२ गावं नव्या जागी वसली. इतरत्र जुनीच घरं मजबूत करण्यात आली.

उमरग्यात आजही अतिवृष्टीनंतर सोयाबीनचे पंचनामे होतात. गट नंबर आणि बाधित क्षेत्र बांधावर उभं राहून, शेतकऱ्याला वाचून दाखवतच लिहावं.