न वाचलेली अक्षरं

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या धाकट्या जावेच्या दोन्ही गालांवर वांग आलं. इथे सतवासला त्याला झाई म्हणतात, आणि जो तो येऊन तिलाच सांगतो, जणू तिच्याकडे आरसा नाही! नणंदेचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं. मी दुकानातून एक ट्यूब आणून तिच्या हातात ठेवली. “रात्री लावत जा गं. कारंज्याला माझ्या बहिणीला चांगला गुण आला.”

गुण आलाच. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. लग्नात सगळ्यांनी कौतुक केलं, त्यातलं निम्मं मी घेतलं.

मग ती ट्यूब सुटेना. बंद केली की तोंडाची आग व्हायची, लाली चढायची. लावली की शांत. सहा महिन्यांत कातडी इतकी पातळ झाली की बारीक शिरा दिसू लागल्या. पुरळ उठलं, ओठांवर लव आली, आणि वांग आधीपेक्षा गडद होऊन परतलं.

इंदूरच्या डॉक्टरबाईंनी ट्यूब उलटून दाखवली. आत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. औषध खोटं नव्हे. वांगासाठी डॉक्टरही ते देतात, पण मोजके आठवडे आणि आपल्या नजरेखाली. हायड्रोक्विनोन फार काळ लावलं तर उलट निळसर-काळे डाग पडू शकतात. स्टेरॉइडचं तर समोरच दिसत होतं. 2018 मध्ये सरकारने अशी 14 स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती मिळतातच.

“कोणी दिली ही?” बाईंनी विचारलं.

“मीच आणली,” जाऊ म्हणाली. मी शेजारच्या खुर्चीत गप्प.

2023 च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी माहेरून कळली. गोरेपणाच्या क्रीमने आई आणि दोन मुलींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएममध्ये क्रीम तपासलं तर त्यात पारा निघाला. पारा कातडीचा रंग तयार होऊ देत नाही, पण कातडीतून रक्तातही उतरतो. मला, खोटं कशाला बोलू, जरा बरंच वाटलं. त्या जशा फसल्या तशी मीही फसले, असं म्हणता येईल! पण पारा घातलेल्या डबीवर कोणी ‘पारा’ असं छापत नाही. माझ्या ट्यूबवर सगळं छापलेलं होतं.

आपण पाणी गाळून पितो. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका शोधतो. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत प्रमाद आधी येतो, जीव जाणं नंतर. मुनी चार हात जमीन पाहून चालतात. एवढं करूनही पायाखाली जीव आला तर त्यांना हिंसेचा दोष लागत नाही. माझं मन साफ होतं, हे मी स्वतःला कितीदा सांगितलं. पण मी जमीन पाहिली होती का? चष्मा तर नाकावरच होता. आणि मन तरी साफ होतं का? लग्नाच्या फोटोत आमच्या घरची सून डागाळलेली दिसू नये, ही ओढ माझी होती. तिने ट्यूब मागितलीच नव्हती.

गेल्या महिन्यात नेमावरला दर्शनाला जाताना बसमध्ये हे सगळं तिला बोलून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “जीजी, मला त्या झाईचं काही वाटतच नव्हतं हो.”

खिडकीतून ऊन थेट तिच्या गालावर येत होतं. मी उठून तिच्याशी जागा बदलली.